आळशी जगासाठी एक मास्तर

सोमवार, ४ मार्च
आमच्या व्यायामाच्या ॲपचं रीडिझाइन माझ्याकडे आलं. यायलाच हवं होतं. लोक मोठ्या हौसेने ॲप घेतात, चार दिवस व्यायाम नोंदवतात, मग गायब. मुकादमाने (म्हणजे आमचा बॉस, पण तोंडावर नाही) विचारलं, असं का होत असेल? मी म्हटलं, लोक आळशी आहेत. तरी रिसर्च कर म्हणाला. लख्ख उजेडात काडेपेटी शोधणारा माणूस.
संकल्प: उद्यापासून मीही पहाटे चालणार. आधी अनुभव, मग डिझाइन.

मंगळवार, ५ मार्च
बूट सापडले. आत कोळ्याने संसार थाटलेला. कुणाचं घर मोडणं माझ्या स्वभावात नाही. शिवाय न्हाव्याने आधी स्वतःची हजामत करावी असा काही नियम नाही. डिझायनरने लांबूनच पाहिलेलं बरं.

गुरुवार, ७ मार्च
ॲप सोडलेल्या तिघांना ऑफिसात बोलावलं. एक लायब्ररीतल्या बाई. म्हणाल्या, मी चालते हो रोज, पण नोंदवायचं राहतं. दुसरा शिंपी. म्हणे इतकी बटणं दाबावी लागतात की तेवढ्यात आणखी एक फेरी झाली असती. तिसरी एक कॉलेजची मुलगी. आजारी पडली, उठून पाहते तर ॲपने सगळी कमाई शून्यावर आणलेली. वाईट वाटलं म्हणून काढून टाकलं.
सबबी, नुसत्या सबबी. वीट आला. शिंप्याने तर बिस्किटाचा हात माझ्या टेबलाला पुसला.
आमच्या प्रोग्रॅमर बाई मागे बसून सगळं लिहून घेत होत्या. नंतर म्हणाल्या, एकच मोठं बटण ठेवू आणि आजारपणाची सुट्टी देऊ. मी हसलो. अशाने उद्या लोक बसल्या जागीही आजारी पडतील.

सोमवार, ११ मार्च
सुचलं! ॲपमध्ये एक मास्तर. चष्मा, आठ्या, हातात छडी. व्यायाम चुकला की बोलणार. "लोळा, लोळा. शरीर तुमचं, लाज आमची." हे वाक्य मला अंघोळ करताना सुचलं. आवाजही माझाच. दुसऱ्या कुणाला तो तुच्छतेचा सूर जमेना.
मुकादमाचा चेहरा पडला, पण थोड्या लोकांवर ट्रायल घ्यायला राजी झाला. ट्रायलमध्ये ॲप सोडलेले ते तिघे परत घेतले, शिवाय घरचे दोघे: ही आणि सासरे. सासऱ्यांचं हिवाळ्यात हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ते आमच्याकडेच आहेत. डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलंय. याहून चांगला युजर कुठे मिळणार?

बुधवार, १३ मार्च
हिने दुपारीच मास्तरचा आवाज बंद केला. म्हणाली, घरात एक पुरे आहे. अर्थ विचारला नाही.
सासरे मात्र आदर्श. मास्तर खाकरला की उठून उभे राहतात. ही म्हणते, बाबा फोनला घाबरतात. भीती आणि आदर यांतला फरक बायकांना कळत नाही.
ट्रायलच्या यादीत मी पहिला आहे. खुर्चीत बसून फोन हलवला तरी ॲप चालणं मोजतं का, हे तपासावं लागतं. उत्तम मोजतं. वारंवार तपासलं.

शनिवार, १६ मार्च
सासरे जिन्यात चक्कर येऊन बसले. खालच्या मजल्यावरच्या रिटायर्ड नर्सबाईंनी पाहिलं, म्हणून बरं. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, पण अंगात ताप असताना यांना बाहेर सोडलं कुणी?
कुणी सोडलं नव्हतं. ते सकाळी पडून होते. मास्तर बोलला.
ही दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसली, पण मध्ये पर्स ठेवून. म्हणाली, "बाबांना वाटलं, तुम्हीच दारातून ओरडताय."
एका अर्थी हे यशच. तापातला माणूस उठून चालायला निघाला, अशी ताकद कोणत्या ॲपमध्ये आहे? हे हिला सांगणार होतो. तोंडाला कोरड पडली होती म्हणून राहिलं. दवाखान्यातली हवा फार कोरडी असते.
सासऱ्यांच्या फोनवरून मास्तर काढला. तात्पुरता.

बुधवार, २० मार्च
ट्रायलचा निकाल. निम्म्याहून जास्त लोकांनी ॲपच काढून टाकलं, उरलेल्यांनी आवाज बंद केला. लायब्ररीतल्या बाईंनी लिहिलंय, "ज्या सुराला कंटाळून मी संसार सोडला, तो तुम्ही फोनमध्ये घालून परत पाठवलात." लोक किती खाजगी बोलतात. शिसारी आली.
मग प्रोग्रॅमर बाईंनी भिंतीवर नकाशा लावला. ट्रायलमध्ये सर्वांत जास्त चाललेला माणूस इमारतीच्या बाहेरच पडलेला नाही. सगळा व्यायाम एका खिडकीजवळ. सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग खिडकीजवळच्या खुर्चीकडे, मग माझ्याकडे. मी टेस्टिंग म्हणजे काय हे समजावून सांगितलं. कुणी लिहून घेतलं नाही.
मुकादमाने बाईंचं एका बटणाचं डिझाइन मंजूर केलं. मूळ कल्पना माझ्यासमोरच निघाली होती, हे मी नमूद केलं.

शनिवार, २३ मार्च
सासरे बरे आहेत. नर्सबाईंबरोबर सकाळी हळूहळू फिरून येतात. येतात ते हसत येतात. नोंद करता का, असं विचारलं. म्हणाले, कधी करतो, कधी राहते. असा बेशिस्त माणूस बरा होतोच कसा?
ही आता कामापुरतं बोलते. आज काम निघालं. उद्या नर्सबाईंना उशीर होणार आहे, त्या वाटेत भेटतील, तोवर बाबांबरोबर जा म्हणाली. एक जबाबदार माणूस हवा म्हणून मलाच सांगितलं असणार.

रविवार, २४ मार्च
गेलो. सासऱ्यांना जपायचं म्हणून मुद्दाम मागे राहिलो. पेट्रोल पंपापर्यंत मुद्दाम. त्यापुढचा चढ कुणाच्या डोक्यातून निघाला कोण जाणे. रस्ता असा बांधतात? छातीत भाता चालू झाला, डोळ्यांपुढे काजवे. सासरे वळले, परत आले, मला धरून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं.
एवढ्यात नर्सबाई आल्या. त्यांनी नाडी पाहिली. काही नाही, सवय नाही एवढंच, असं त्या सासऱ्यांना म्हणाल्या. मला नाही.
मी म्हटलं, तुमचा व्यायाम बुडाला.
सासरे शेजारी टेकले. मास्तरबद्दल ते आजवर चकार शब्द बोलले नव्हते. आजही नाही. माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "असू द्या जावईबापू. घाई कुणाला आहे?"
मग त्यांनी लेकीला फोन लावला. ही स्कूटर घेऊन आली. माझ्याकडे पाहिलं आणि पुढे सरकून मागे जागा केली.
निघताना मागे वळून पाहिलं. ते दोघं बोलत बोलत चढ चढत होते. वर पोचल्यावर सासऱ्यांनी मला हात केला. मीही करणार होतो, पण सीटला घट्ट धरावं लागलं.