चौथ्या मुद्द्याच्या आधी

प्रत्येक समारंभात कोपऱ्यातल्या खुर्चीवर, पोराटोरांच्या पंगतीत बसवून जिला आजवर कोमट नारिंगी पाणी नळीने पाजलं गेलं, आणि 'घे की थोडी, काही होत नाही' हे ऐकून जिचे कान किटले, त्या माझ्या थोरल्या मावसबहिणीस, अक्कास, धाकटीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली तो पत्रातच जमतो.)

तब्येत कशी आहे? नव्या कवळीशी सूत जुळलं का? आपल्या भाचीने ती स्वतःच्या हाताने बनवली आहे, आणि तू ती जेवताना काढून डबीत ठेवतेस हे तिच्या कानावर गेलं आहे. बिचारी मला विचारत होती की अक्कामावशी मग कवळी घालते तरी कधी. फोटोपुरती, असं मी सांगितलं. खोटं असेल तर कळव.

अक्का, पिणाऱ्याला जगात कोणी विचारत नाही की बाबा, का पितोस. न पिणाऱ्याने मात्र प्रत्येक दारात कारण दाखवायचं. पोट बिघडलंय का, गोळ्या चालू आहेत का, रागावलात का. (मी एकदा 'विचार करूनच घेत नाही' असं उत्तर दिलं, तर यजमानांनी काळजीने डॉक्टरांचा पत्ता दिला.) हे सगळं सोसलेल्या बाईकडे एके दिवशी तिची लाडकी भाची येते आणि म्हणते, मावशी, लग्नाआधी मैत्रिणींना पार्टी द्यायची आहे, ती तुझ्या घरी, आणि दारूचा थेंबही नको. माझं काय झालं असेल सांग. चाळीस वर्षं मी या विषयावर बोलले. निम्मे श्रोते झोपलेले आणि उरलेले पुढच्या वक्त्याचे नातेवाईक. आणि आता माझ्याच घरात एक बी रुजलं होतं. मी तिला कारण विचारलं नाही. आपलं भाषण कामी आलं अशी ज्याची खात्री झाली, तो कारणं विचारत बसत नाही.

मग मी पदर खोचला. कलिंगडाचा रस, पुदिना, आलं-लिंबू, वर काळं मीठ. उंच काचेचे पेले, आणि नळी एकही नाही. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण विजय झाकून ठेवायची मला सवय नाही. मी गॅलरीच्या कठड्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत कापडी फलक बांधला, 'या घरी मद्याला थारा नाही, हा नवरीचा निर्धार'. मैत्रिणींना फोन केले, प्रत्येकीला आमंत्रणाआधी थोडी प्रस्तावना दिली. (पहिलीने ऐकून घेतलं, दुसरीने फोन सासूकडे दिला, तिसरीपासून सगळ्यांची दारावरची बेल वाजू लागली.) आणि चार मुद्द्यांचं भाषण तयार केलं.

भाचीच्या दातांच्या लॅबमध्ये तिच्या शेजारी बसून कवळ्यांना पॉलिश करणारी तिची जिवलग मैत्रीण, जिला सगळे चकाकी म्हणतात, तिने दुसऱ्या दिवशी निरोप दिला की पार्टीच्या दिवशी काम आहे, यायला जमणार नाही. संध्याकाळी भाची आली. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली, चिडली नाही, आणि तेच वाईट. चकाकी गेल्या उन्हाळ्यापासून पीत नाही, अक्का. त्याआधी खूप प्यायची, नोकरी जाता जाता राहिली. हे फक्त भाचीला ठाऊक आहे. तेव्हापासून ती एकाही पार्टीला गेली नाही, कारण हातात पेला नसला की कोणीतरी विचारतंच, का गं, घेत नाहीस?

"तुझ्या घरी कोणी विचारलं नसतं, मावशी," भाची म्हणाली. "तुझ्याकडे नसतेच. म्हणून तुझं घर. आता तिला वाटतंय, मी सगळ्यांना सांगितलं. ती नसेल तर मला पार्टीच नको."

म्हणजे मी काहीही केलं नसतं तरच पार्टी साधली असती. आयुष्यात पहिल्यांदा माझं गप्प बसणं कोणाच्या उपयोगी पडणार होतं, आणि मी त्यावर फलक लावला.

सकाळी मी लॅबमध्ये गेले. लांबलचक टेबल, सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ, आणि फळीवर ओळीने मांडलेले जबडे. इतक्या दात दाखवणाऱ्या श्रोत्यांपुढे मी कधी उभी राहिले नव्हते. चकाकी कोपऱ्यात मशीनवर वाकलेली. मला पाहून तिने मशीन बंद केलं, चष्मा मात्र काढला नाही.

"तो फलक माझ्यासाठी ना?" ती म्हणाली.

अक्का, मला इतिहासातले दहा दाखले सुचले. एकही कामाचा नव्हता. मी सांगितलं, तुझ्यासाठी कसला गं, मांजरीला पिल्लं झाली तरी मी फलक लावते. नवरीला विचारलंसुद्धा नाही, तिच्या नावाने परस्पर खपवला. घरचे सगळे वैतागले आहेत. (यात खोटं फक्त मांजरीचं.)

तिने हातातली कवळी टेबलावर ठेवली. "म्हणजे हे तुमचंच खूळ?"

चाळीस वर्षं लोकांनी या शब्दात बोळवण केली आणि चाळीस वर्षं मी त्यांच्याशी भांडले.

"माझंच," मी म्हणाले.

तिने चष्मा कपाळावर सरकवला. हसली. म्हणाली, मग भाषणही असेलच. मी म्हटलं, आहे. म्हणाली, मग येते, मागे बसते.

फलक तसाच ठेवला आहे; आता काढला तर तिला पुन्हा शंका येईल. बाकी सर्व क्षेम. घरच्यांना माझा आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. पार्टीला तुला यायचंच आहे, आणि प्रवासाचं कारण सांगू नकोस. मी भाषणाला उभी राहिले नाही तर चकाकीला वाटेल फलक तिच्यासाठीच होता. म्हणून मला उभं राहावं लागेल. पण चौथा मुद्दा 'ज्यांनी सोडली त्यांचं धैर्य' हा आहे. तो मी खोडला आहे, तरी माझा मला भरवसा नाही. तिथवर पोचले की माझी नजर मागच्या खुर्चीकडे जाणार, माझ्यामागून सगळ्यांची.

पुन्हा ता. क. पहिले तीन मुद्दे मात्र होऊ दे, चांगले झाले आहेत. तिसरा संपला की माझी बाही धरून मला खाली बसव आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण, "पुरे आता, हिचं नेहमीचंच आहे." त्या दिवशी तेवढी कवळी घालून ये.