दोन शेजाऱ्यांची साक्ष

३ नोव्हेंबर, सकाळी ७
आजपासून रोज लिहायचं. पुढच्या सप्टेंबरात स्कॉटलंड. एलएल.एम. विषय: मध्यस्थी आणि तडजोड. जिल्हा कोर्टात सहा वर्षं ज्युनिअर म्हणून काढली, बास झालं. अर्जाबरोबर स्वतःबद्दल एक पान लिहून द्यावं लागतं. पहिलं वाक्य दात घासताना सुचलं: शांतता हा माझा स्वभाव आहे.

दुपारी २
जेवताना वाक्य वाचून दाखवलं. समीर हसला. धाकटा भाऊ, हसण्याचं वय आहे. म्हणाला, दादा, विनोदी लिहून मागितलंय का त्यांनी? ताट माझ्या हातातून सुटलं. त्याच्या भुवईला तीन टाके. ताटाला पोचा आला नाही. जुनं स्टील.

१२ नोव्हेंबर
शिफारसपत्रासाठी रेवती मॅडमकडे गेलो. माझ्या सीनिअर. म्हणाल्या, मागच्या महिन्यात त्या पक्षकाराची कॉलर धरलीस, तेही लिहू का? मी म्हटलं, तो तडजोडीवर सही करत नव्हता. नंतर केली ना? मॅडमनी पेन उघडलं. मग लिहिलं की समेट झाल्याशिवाय हे कोणाला सोडत नाहीत. नेमकं लिहितात.

१९ नोव्हेंबर
जुना पासपोर्ट संपलाय. नव्याचा अर्ज भरला. त्यात दोन शेजाऱ्यांची नावं द्यायची असतात. पोलीस घरी येतो आणि त्यांना विचारतो, माणूस कसा आहे. खालचे मधुकरकाका आणि समोरचे मनोहरजी, दोघांची दिली. काका मूळ नागपूरचे, बाबांच्याच खात्यात होते. इकडे हिंदी मुलखात, कोटरा वस्तीतल्या या बिल्डिंगमध्ये, आमच्या मागोमाग आले. मला कडेवर घेऊन फिरायचे. या बाबतीत काळजी नाही.

२४ नोव्हेंबर
काकांनी स्कूटर माझ्या जागेवर लावली. मध्यस्थीचा पहिला नियम, समोरच्याचं ऐकून घ्यायचं. काका म्हणाले, जागेवर तुझं नाव कोरलंय का रे? वाक्य पूर्ण होऊ दिलं. मग स्कूटर आडवी केली. काका हँडल सोडत नव्हते. मनगट मोडलं. वय अडुसष्ट. या वयात हाडांना निमित्त पुरतं.

२५ नोव्हेंबर
पोलीस काकांनाच विचारणार, हे आत्ता लक्षात आलं.

२६ नोव्हेंबर
पोहे-जलेबी घेऊन खाली गेलो. काकांनी दाराची साखळी काढली नाही. मी फटीतून पुडा आत सरकवला. काका म्हणाले, ठेव आणि जा, बाळा. बाळा म्हणाले. म्हणजे मनात काही नाही.

२ डिसेंबर
मनोहरजी समजूत घालायला आले. म्हणाले, बेटा, बुज़ुर्गों पर हाथ नहीं उठाते. मी म्हटलं, हाथ तो स्कूटर पर उठाया था. तरी जाईनात. आधी ते जिन्यात पडले, मग त्यांचा चष्मा पडला, मग माझा पाय पडला. हा क्रम महत्त्वाचा आहे. कायद्यात क्रमाला किंमत असते.
आईने घरातले सगळे कप प्लॅस्टिकचे आणलेत. लागले तरी चालतात म्हणाली.
संकल्प: पोलीस येईपर्यंत कोणाशी बोलायचं नाही.

३ डिसेंबर
संकल्प मोडला. सुरुवात दूधवाल्याने केली.

१० डिसेंबर, सकाळी ११
पोलीस आला. मी दाराआड उभा राहिलो. त्याने काकांना विचारलं, हाथ को क्या हुआ? काका म्हणाले, बाथरूम में फिसल गया. लड़का कैसा है? हीरा है साहब. मनोहरजी एका काचेच्या चष्म्यातून बघत म्हणाले, ऐसे लड़के को तो विदेश में ही होना चाहिए. काकांनी डाव्या हाताने सही केली आणि विचारलं, पासपोर्ट कितने दिन में आता है? उससे जल्दी नहीं हो सकता?
माझे डोळे भरून आले. लोक आपल्याबद्दल चांगलं बोलतात, ते आपल्या माघारी.

१४ जानेवारी
संक्रांत. आईने तिळाचा लाडू माझ्या हातावर ठेवला, गोड बोल म्हणाली आणि दोन पावलं मागे सरकली.
दुपारी विद्यापीठाची मुलाखत, लॅपटॉपवर. एक बाई, एक गृहस्थ. बाईंनी विचारलं, तुमची चूक होती असं एखादं भांडण सांगा. मी म्हटलं, असा प्रसंग अजून आलेला नाही. त्या म्हणाल्या, सावकाश विचार करा. मी विचार करत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. उठून आत गेलो. मिक्सर बंद केला. परत येऊन बसलो तर दोघेही ताठ बसले होते. माइक चालूच राहिला होता. मिक्सर भिंतीवर आपटल्याचा आवाज त्यांना गेला असावा. आईचाही.
गृहस्थांनी विचारलं, घरात सगळे ठीक आहेत ना? मी म्हटलं, हो, वाद मिटला. मध्यस्थीचं जिवंत उदाहरणच त्यांना बघायला मिळालं. प्रवेश पक्का.

२० फेब्रुवारी, सकाळी १०
स्कॉटलंडहून नकार आला. चार ओळी. कारण दिलेलं नाही. कारण नसताना नाही म्हणणाऱ्या लोकांकडून मी मध्यस्थी काय शिकणार?

दुपारी १
कोणाला सांगितलं नव्हतं. काका वर आले. प्लॅस्टर परवाच निघालंय, तरी मोठी बॅग दोन जिने स्वतः उचलून आणली. नवी, चार चाकांची. मागे मनोहरजी. म्हणाले, हम सबकी तरफ़ से. काकांनी विचारलं, तारीख ठरली का रे? दोघंही माझ्या हातांकडे बघत होते. खरं सांगितलं असतं तर त्यांना धक्का बसला असता. सप्टेंबर म्हणालो. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मनोहरजींनी विचारलं, उससे पहले कोई कोर्स नहीं है?

दुपारी ३
आई बॅगेत माझे स्वेटर भरत होती. तिला खरं ते सांगितलं. प्रवेश मिळाला नाही, कुठेही जायचं नाही, म्हटलं.
ती घड्या घालत राहिली. समीर आला आणि बॅगेवर बसला, म्हणजे तिला चेन लावता येईल.