मी वॉर्डवालं कॉलेज धरलं

नागपूर, जुलै १९८६

बाबा आन माय, दोघायले यमुनाचा जयभीम.

मी बरी आहे, मावशीकडे पोटभर जेवून राहिली. मायचा गुडघा कसा आहे?

बाबा, मेडिकल सोशल वर्कच्या डिप्लोमासाठी तुम्ही सांगितलेलं कॉलेज पाह्यलं. तिथं नुसतं वर्गात बसाचं. दुसऱ्या कॉलेजात पेशंटमध्ये पाठवतात, टीबीच्या वॉर्डात बी. तिथल्या बाईंनी मले वॉर्ड दाखवला. आपल्याकडल्या बोरगावची एक म्हातारी रडून राहिली होती. लेकानं भरती केलं आन मंग फिरकलाच नाही.

मी बोरगावले जाऊन त्याले गाठलं. तो म्हणे, "बिमारी घरात येईन."

मी म्हटलं, "डॉक्टर काय म्हणतात ते तं ऐक. चाल माह्यासंग."

तो आला, डॉक्टरचं ऐकलं, आन म्हातारीचे पाय धरून बसला.

तिथून आपलं सौंसर जवळच होतं. पण घरी आली नाही. तुम्ही अडवलं असतं.

काल त्याच वॉर्डवाल्या कॉलेजात नाव टाकलं. आत्या म्हणन, टीबीवाल्यांत फिरणाऱ्या पोरीसंग लगन कोण करन? नको करू म्हणा.

रागवाचं असन तं इथं या, बाबा. मी वॉर्डात भेटीन.

तुमचीच हट्टी पोर,
यमुना