पॅसेजची भिंत

सोमवार, ३ तारीख
आलो एकदाचा! मालक स्वतः घ्यायला आले, माझी वळकटी त्यांनीच गाडीत टाकली. रंगकामाचा ठेका त्यांचा, हाताखाली आम्ही पाच जण. राहायला त्यांच्याच घरामागची खोली. खिडकी आहे, नळाला पाणी आहे, अजून काय पाहिजे? आई म्हणते माझ्या पायाला भिंगरी, एका जागी बूड टिकत नाही. मालकांना हे सांगितलं तर खो खो हसले आणि माझं नावच भिंगरी पाडलं. जेवण त्यांच्याच घरी. वहिनी, म्हणजे मालकीणबाई, वाढतात छान, बोलत मात्र नाहीत. शाळा चौथीत सुटली, तरी वही आणलीय. करमलं नाही तर लिहीन.

रविवार, ९
सुट्टीतही काम निघालं. मालकांच्या पॅसेजच्या भिंतीला खळगा पडलाय, कपाट सरकवताना लागलं म्हणाले. कडा खरवडल्या, पुट्टी भरली, वाळल्यावर घासली, रंग असा जुळवला की जागा मलाच सापडेना. मालकांनी पाठ थोपटली. म्हणाले, पोराच्या हातात जादू आहे. जेवताना दोनदा वाढलं, स्वतःच्या हातानं.

रविवार, १६
पुन्हा पॅसेज. दोन हात पलीकडे. या वेळी वहिनींना चक्कर आली म्हणे. कपाळावर केस ओढून घेतलेत त्यांनी.
खरवडलं तर खाली जुनी पुट्टी. तिच्याखाली रंग. त्याखाली परत पुट्टी. पाच थर मोजले, माझ्याआधीच्या कुणाकुणाच्या हातचे. एका थरात केस अडकलेले. लांब. ओढले तर निघेनात. मुळाशी काहीतरी काळं, वाळून कडक झालेलं. ते माझ्या नखात गेलं.
मागच्या वेळी तरी कपाट माझ्या हनुवटीएवढ्या उंचीवर कसं लागलं असेल? वहिनी माझ्या हनुवटीला येतात.
तरी भरली. तरी रंगवली.

मंगळवार, १८
आमच्यातले जुने कारागीर, सगळे त्यांना काका म्हणतात, त्यांना विचारलं. म्हणाले, आपण भिंती रंगवायच्या, भिंतीमागचं बघायचं नाही. नवरा-बायकोचं भांडण ते, घरोघरी मातीच्या चुली. वर हसले. त्या थरांतला एक हात त्यांचाच असणार.
जेवायला बसलो. मालकांच्या अंगठीच्या खाचेत भिंतीचा पांढरा चुरा होता. तोच हात माझ्या ताटात. बाहेर जाऊन ओकलो. मालकांना वाटलं पोट बिघडलं, गोळी दिली. प्रेमानं.

सोमवार, २४
मालक कामावर असताना रंगाचा डबा न्यायला घरी आलो, तेव्हा वहिनींशी बोललो. म्हणालो, मला दिसतंय सगळं, यात तुमची काही चूक नाही. त्यांनी नळ मोठा सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मग सांगितलं. बायकांच्या मदत केंद्रात त्यांनी गुपचूप फोन केलाय. तिथल्या ताई गुरुवारी अकराला पोलीसबाईंना घेऊन येणार. कागदपत्रांची पिशवी तयार आहे. माझ्याकडे एकच मागणं, तोवर काही झालं तर बुजवू नकोस. अंग मी दाखवीन, भिंत तू राहू दे.
आईची शपथ घेतली.

बुधवार, २६
मोठा खळगा. ओला. मालक पुट्टीचा डबा घेऊन उभे. म्हणालो, आज वाळणार नाही. त्यांनी पंखा लावला. स्टूल ओढून माझ्या मागे बसले.
ठरवलं, वाईट करू. उंचवटा ठेवू, रंगात फरक ठेवू. पण हात— हाताला वाईट येतच नाही. मानेवर त्यांचा श्वास. भीतीनं काम अजूनच सफाईदार झालं. मालक म्हणाले, वा.

गुरुवार, २७
आल्या दोघी. मालकांनी खुर्च्या दिल्या, घर दाखवलं, भिंतीवरून हात फिरवत. गुळगुळीत. वहिनींनी भिंत पाहिली. मग मला. मग म्हणाल्या, जिन्यावरून पडले. पिशवी काढलीच नाही.
मी ब्रश धरून उभा. तोंड होतं मला. थू.
जाताना ताईंनी हळूच नंबर दिला. म्हणाल्या, एकट्यानं मध्ये पडू नकोस, आधी फोन कर. आणि जे दिसेल ते तारीख-वेळ घालून लिहून ठेव.

शुक्रवार, २८, सकाळी सव्वादहा
मालक कामावर. मी गेलो नाही. भिंत खरवडली, सगळी. सहा खळगे उघडे. केस तसेच ठेवलेत. ताईंना फोन केला, साक्ष देतो म्हणालो. निघाल्यात. वहिनींनी पिशवी काढली. पॅसेजमध्ये उभ्या आहेत. मी मागच्या खोलीत येऊन हे लिहितोय.

दहा चाळीस
गाडी. ताईंची नाही, मालकांची. मी कामावर नाही हे काकांनी सांगितलं असणार—

दहा बेचाळीस
आवाज. भिंतीचा. फोन चालू आहे, ताई म्हणतात चौकात आलो, पाच मिनिटं—
दुसरा.
वहिनी ओरडत नाहीत. का ओरडत नाहीत—

दहा चव्वेचाळीस
मालक मला हाक मारतायत. गोड आवाजात. म्हणतायत, पुट्टी घेऊन ये. डबा पुरणार नाही, अख्खं पोतं आण—