शाहमेरानच्या पायाशी लिहिलेलं नाव

अंकारा,
९ फेब्रुवारी १९८६

ती. नेफिसे आब्लास,
धाकट्या बहिणीचा, सुहेयलाचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेले किलीचे बन्स पोहोचले. डब्याचं झाकण भावोजींनी असं ठोकून बसवलं होतं की ते काढायला शेजारचा माणूस बोलवावा लागला. कलईवाल्याने खाऊचा डबा बंद करू नये, एवढं त्यांना माझ्यातर्फे सांग. बन्स मात्र तुझ्या हातचेच. वर्गातल्या मुलींनाही एकेक तुकडा दिला. त्यानंतर व्याकरणाचा तास बरा गेला.

आता मुद्द्याचं. आमच्या शाळेला लागून असलेल्या संग्रहालयात एक नवं दालन होतंय. जगभरातल्या लोकांनी कल्पनेतले अजब प्राणी कसे रंगवले, कोरले, शिवले, ते तिथे मांडणार आहेत. परवा मुलींना घेऊन गेले तेव्हा संचालक रुश्तू बेय खोकी उघडत होते. माशाची शेपटी जोडलेलं जपानी माकड निघालं, मग बव्हेरियाचा शिंगं असलेला ससा, मग मेक्सिकोचा पंखवाला बोकड. मला राहवेना. ह्यांत आमची शाहमेरान कुठे आहे, असं मी विचारलं. ते म्हणाले की मार्डिनमध्ये अजून कोणी काचेवर काढत असेल तर त्यांना हवीच आहे. माझी बहीण काढते, असं मी सांगितलं. बहीण की मेहुणे, असं त्यांनी पुन्हा विचारून घेतलं.

एक मोठी काच हवी आहे, मेच्या सुरुवातीपर्यंत. त्यांचं पत्र येईलच. डायरी लिहायला बसले तेव्हा प्रश्न पडला, की तुला न विचारता मी हे कबूल का करून आले. मिरवायची हौस तुला आहे की मला? तू नाही म्हणालीस तरी चालेल. पण म्हणू नकोस.

भावोजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
सुहेयला


मार्डिन,
२३ फेब्रुवारी १९८६

चि. सुहेयलास,
अ. आ. खुशाल असशील.

माकडाला माशाची शेपटी लावतात आणि लोक ते बघायला येतात, हे वाचून तुझा भावोजी शेहमुस अजून हसतोय. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. मला मात्र आधी रुचलं नाही. शाहमेरान काही जत्रेतला प्राणी नव्हे. ती सापांची बादशहा, डोक्यावर मुकुट आहे तिच्या. त्या सशाला तिच्यापासून चार हात लांब ठेवायला सांग.

तुझ्या रुश्तू बेयचं पत्र आलं. स्त्रीचं मस्तक, सापाचं धड, पायांना सापांची तोंडं आणि शेपटीच्या टोकाला दुसरं मुंडकं असलेली राक्षसी, असं त्यांनी लिहिलंय. राक्षसी! आमच्याकडे मुलगी सासरी जाते ती शाहमेरान काखेत घेऊन, आणि पहिल्या दिवशी भिंतीवर टांगते ती तिलाच. हे त्यांना कोणी सांगितलं नाही का?

मी काढीन. पण माझी एक अट आहे, ती नीट ऐक. मागे गल्लीतल्या सेदिकाच्या मुलीच्या रुखवतात माझी शाहमेरान होती. बायका तिच्यापुढे उभ्या राहून शेहमुस उस्ताच्या हाताची तारीफ करत होत्या आणि मी तिथेच बुलगुर वाढत होते. दुकानात बसतो तो, म्हणून काम त्याचं. तो बिचारा प्रत्येकाला सांगतो की उस्ता घरी असते, मी नुसती चौकट ठोकतो. लोकांना वाटतं, केवढा हा विनय. त्याच्या विनयाची आता बाजारात ख्याती झाली आहे. आणि बाईला उस्ता, कसबातली उस्ताद, म्हणायची मार्डिनच्या जिभेला सवयच नाही.

बाबांनी काचेवर कधी नाव घातलं नाही, हे मला माहीत आहे. त्यांच्या आधीच्यांनीही नाही. पण त्यांचं काम कोणी दुसऱ्याच्या नावावर खपवत नव्हतं. तिथे अंकारात माझं नाव लागलं पाहिजे. नसेल जमत तर रुश्तू बेयनी शेहमुसकडून काहीतरी मागवावं. तो छान कढई देईल.

अंग सांभाळ. खडू खाऊन छातीत कफ करून घेऊ नकोस. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझी,
आब्ला


अंकारा,
१२ मार्च १९८६

ती. आब्लास,
सा. न. वि. वि.

आज रुश्तू बेयशी भांडून आले. माणूस वाईट नाही, पण नियमाला चिकटलेला. त्यांचं म्हणणं असं की लोककला सगळ्या लोकांची असते, म्हणून दालनातल्या प्रत्येक पाटीवर एकच मजकूर राहील: कलाकार अज्ञात. मी विचारलं की अज्ञात नक्की कोणाला? बाईचा पत्ता माझ्याकडे आहे, दारावर कडी आहे, वाजवली तर ती स्वतः उघडते. ते हसले, पण हलले नाहीत. एकीचं नाव लावलं तर बोकडवाल्याचं आणि सशावाल्याचंही शोधत बसावं लागेल, असं म्हणाले. मी म्हटलं की मग शोधावं. त्यावर चहा आला.

राक्षसी मात्र खोडायला लावली. आता पाटीवर ‘सापांची बादशहा’ असं येईल.

निघताना ते एक बोलले. पाटी संग्रहालयाची, काच करणाऱ्याची. काचेच्या आत जे असेल त्याला हात लावायचा अधिकार त्यांना नाही. मी जिना उतरून रस्त्यावर आले तेव्हा त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. आब्ला, नाव पाटीवर येणार नाही. ते तूच शाहमेरानच्या पायाशी घाल, मोठ्या अक्षरांत.

मी इतकी का पेटले, ते मलाही नीट कळत नाही. तुझ्यावर अन्याय होतोय म्हणून, की उस्ताची बहीण म्हणवून घ्यायचंय म्हणून? दोन्ही असेल. तू नाव घाल, माझं मी बघते.

मायेत अंतर नसावं.

तुझी,
सुहेयला


मार्डिन,
२७ एप्रिल १९८६

चि. सुहेयलास,
अ. आ.

तुझी बहीण गाढव आहे.

तुला माहीत आहे, काचेवर सगळं मागच्या बाजूने काढायचं आणि पुढून बघायचं. कागदावर जे शेवटी करतात ते इथे आधी. आधी डोळे, पापण्या, गळ्यातले मणी, मग गाल, मग खवले, आणि सगळ्यांत शेवटी मागचं आकाश. एकदा वर रंग चढला की खालचं सुधारता येत नाही. म्हणून नाव मी सगळ्यांत पहिलं लिहिलं. डोळ्यांच्याही आधी. कोरी काच समोर घेतली, हात धुतले, आणि तू माझ्याकडून गिरवून घेतली होतीस त्या अक्षरांत नेफिसे असं लिहिलं. एकेक अक्षर असं ताठ, की तू बघून शाबासकी दिली असतीस.

मग रंगवत गेले. बाबांची शिस्त तुला आठवते ना? शेवटचा रंग वाळेपर्यंत काच उलटून बघायची नाही, बघितलं तर हात भित्रा होतो. मी नाही बघितली. काल चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद चुरगळून मागे लावला, शेहमुसने चौकट ठोकली आणि काच भिंतीला टेकवून उभी केली. सुहेयला, अशी शाहमेरान मी आजवर काढलेली नाही. बाबांनीही नाही, असं लिहिते आणि कान पकडते. खवल्यांवर चंदेरी अशी खेळते की ती श्वास घेतेय असं वाटतं. शेजारची मर्यम दारातूनच बघून गप्प झाली, आणि मर्यम गप्प होते हे तू कधी पाहिलंयस?

मग शेहमुस खाली वाकला आणि त्याने विचारलं की पायाशी हे सुर्यानी लिपीत काय लिहिलंय.

नाव उलटं आलंय. आरशात दिसावं तसं. प्रत्येक खवल्याची डावी-उजवी मी झोपेतसुद्धा फिरवून धरते, आणि स्वतःचं नाव सुलटं लिहून बसले! काचेवर नाव कधी घातलंच नव्हतं, हाताला कागदावरचंच ठाऊक. शेहमुस आधी हसला, मग माझं तोंड बघून गोणपाट आणायला निघून गेला.

ट्रकने पाठवतेय. पुढचं तू बघ. मला आज काही सुचत नाही.

माझ्यावर रागावू नकोस, एवढंच मागते.

तुझी,
आब्ला


अंकारा,
८ मे १९८६

ती. आब्लास,
सा. न. वि. वि.

काच सुखरूप आली. गोणपाट काढल्यावर रुश्तू बेय दोन पावलं मागे सरकले. हातातली टाचणी तोंडात धरून नुसते उभे राहिले. मग त्यांची नजर पायाशी गेली आणि तिथून माझ्याकडे आली. चूक झाली आहे, असं मीच सांगून टाकलं.

नवी काच करायला आता वेळ नाही. त्यांच्याकडे दुरुस्तीचं काम करणारा एक माणूस आहे. तो मागची चंदेरी सोडवेल, नावावरचा रंग आणि नाव खरवडेल आणि त्या जागी हिरवा रंग भरून देईल. कोणाला कळणारही नाही, म्हणतो. तुझी हरकत नसेल तरच, असं रुश्तू बेयनी आवर्जून सांगितलं.

माझ्या ओठांवर हो आलं होतं. लोक हसतील ह्याची मला भीती वाटली. मग घरी येईपर्यंत विचार करत राहिले, की ते तुला हसतील ह्याची, की जिने तुला अक्षरं शिकवली त्या मास्तरणीला हसतील ह्याची. म्हणून मी ठरवणार नाही. तू लगेच कळव.

जीव तुझ्याकडे लागला आहे.

तुझी,
सुहेयला


मार्डिन,
१३ मे १९८६

चि. सुहेयलास,
अ. आ.

त्या माणसाला हात लावू देऊ नकोस.

शाहमेरानचे डोळे उघडले की काचेवरचं काही पुसायचं नाही. हे तू आपल्या घरात वाढून विसरलीस की काय? डोळे काढण्याआधी मी नाव लिहिलं. तिने डोळे उघडले तेव्हा पहिलं तेच पाहिलं असणार. आणि ती काचेच्या आतल्या बाजूला आहे. तिला ते सुलटंच दिसतं.

ज्यांना हसायचंय त्यांना हसू दे. अज्ञात असण्यापेक्षा उलटी बरी.

मागच्या पत्रात मला काही सुचत नव्हतं, आज सुचतंय. शेहमुस टपालात टाकायला थांबलाय, म्हणून आवरते. तुझी अक्षरं उत्तम आहेत, तू शिकवलीस ती मी नीट लिहिली. बाजू चुकली ती माझी.

भरभरून माया.

तुझी,
आब्ला


अंकारा,
२५ मे १९८६

ती. आब्लास,
सा. न. वि. वि.

काल दालन उघडलं. नातू आजारी म्हणून तू आली नाहीस ते बरोबरच केलंस, पण काल तुझी जागा इथे होती. सगळं जसं घडलं तसं लिहिते, वाढवून काही लिहीत नाही.

सुरुवातीला लोक सगळ्याच वस्तूंपुढून सारख्याच चालीने सरकत होते. माकड बघायचं, पाटी वाचायची, अज्ञात, पुढे. ससा, अज्ञात, पुढे. शाहमेरानपाशी मात्र पाय अडायचे. आधी नजर तिच्या डोळ्यांवर, मग पायाशी. माना वाकड्या व्हायला लागल्या. एका गृहस्थांनी बायकोला समजावलं की ही जुनी मंत्रलिपी आहे. दुसऱ्यांनी त्यांना थांबवून सांगितलं की ही प्राचीन हित्ती लिपी आहे, त्यांनी त्यावर व्याख्यान ऐकलं आहे. मी खांबाला टेकून उभी होते. माझे कान जळत होते.

तेवढ्यात टोपीवाल्या एका जाड्या बाईंनी पर्स उघडली. पावडरची डबी काढली, शाहमेरानकडे पाठ केली, डबीतला आरसा खांद्यावर धरला आणि शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचलं: ने-फि-से. मग वळून सगळ्यांना जाहीर केलं, की अहो, ही तर बाई आहे!

आब्ला, मग जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. पर्सा उघडायला लागल्या. बायका पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या, एकमेकींना आरसे दिले. ज्यांच्याकडे आरसा नव्हता ते रांगेत थांबले. मंत्रलिपीवाल्यांनाही बायकोकडे डबी मागावी लागली. वाचायला मिळालं की प्रत्येक जण ते मोठ्यानेच वाचायचा. सगळ्या जगाचे प्राणी भरलेल्या त्या दालनात एकाच माणसाचं नाव ऐकू येत होतं. एका बातमीदाराने रुश्तू बेयना विचारलं की पाटी म्हणते अज्ञात आणि काच म्हणते नेफिसे, तर खरं कोणाचं? त्यांनी पाटीकडे बघितलं, मग खिळ्यावरून ती काढून कोटाच्या खिशात टाकली आणि सांगितलं की काचेचं.

आज सकाळी गेले तर पहारेकऱ्याने समोरच्या खांबाला आपल्या घरचा दाढीचा आरसा टांगून ठेवला होता.

ही माझी सख्खी बहीण, असं मी काल निदान वीस अनोळखी माणसांना सांगितलं असेल. त्याबद्दल डायरीत मी स्वतःला काहीही विचारलेलं नाही.

रुश्तू बेयना आणखी एक काच हवी आहे, नाव सुलटं असलेली, म्हणजे पुस्तिकेत छापता येईल. ह्या वेळी पाटीवरही नाव घालतील. काय कळवू?

आहे तो लोभ वाढता असू दे. तो मी आता चारचौघांत मिरवणार आहे.

तुझी,
सुहेयला


मार्डिन,
७ जून १९८६

चि. सुहेयलास,
अ. आ.

तुझं पत्र मर्यमने वाचलं, सेदिकाने वाचलं, मग गल्लीत फिरून ते माझ्याकडे आलं. कडेला जर्दाळूचा डाग आहे, तो माझा नव्हे.

रुश्तू बेयना सांग की ती जशी आहे तशीच छापावी. काचेवर नाव उलटं लिहायला मी आता शिकले. शेहमुसने पत्र्यावर गिरवून दिलं, त्यावर हात बसवला. पण त्या काचा इथल्या सासरी जाणाऱ्या मुलींसाठी. अंकाराच्या लोकांनी माझं नाव वाचायला जरा पाठ फिरवावी, मान वळवावी. त्यात त्यांचं काही जात नाही.

काल मिद्यात गावचं एक गिऱ्हाईक दुकानात आलं. लेकीसाठी शेहमुस उस्ताची शाहमेरान हवी म्हणालं. शेहमुसने नेहमीचं सांगितलं, गिऱ्हाईक नेहमीसारखं हसलं. मग शेहमुसने नवी काच उचलून त्याच्या नाकासमोर धरली, त्याचं बोट नावावर ठेवलं आणि वाच म्हणाला. त्याने वाचलं. ह्या कोण, तुमच्या गुरू का, असं त्याने विचारलं. शेहमुस हो म्हणाला. आणि गिऱ्हाईकाला तसंच घेऊन घरी आला, की उस्ताला नीट विचार, कुठल्या रंगाची हवी ते. मी कणीक मळत होते. तो माणूस दारात चप्पल काढून उभा राहिला आणि त्याने मला उस्ता म्हणून हाक मारली. मी उत्तर द्यायला क्षणभर वेळ लावला. म्हटलं, पुन्हा एकदा मारू दे.

हिरवी हवी आहे त्याला. उद्या सुरू करते.

प्रकृतीला जप, आणि अशीच माझ्या बाजूने उभी राहा.

तुझी,
नेफिसे उस्ता