भिंतीपलीकडे गेलेली वायर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
चित्रलहर केबल सेवा,
खोपट, ठाणे (प.)

विषय: शेजारच्या घरात गेलेली वायर सोमवारी न तोडणेबाबत.
संदर्भ: आपला माणूस आनंदा याने काल आमच्या दाराला चिकटवलेली नोटीस.

महोदय,

पुढचा शब्द न् शब्द खरा आहे. देवापुढच्या दिव्यावर हात धरून लिहितेय, त्यामुळे अक्षर जरा भाजलेलं दिसेल.

१. नोटिशीत मला सिग्नलचोर म्हटलंय. चोरी कसली? तुमची वायर माझ्या सेटटॉप बॉक्सपर्यंत येते. बॉक्समधून निघाल्यावर मी तिला स्प्लिटर लावला. एक तोंड माझ्या टीव्हीला, दुसरं भिंतीपलीकडे हौसाबाई म्हात्रेंच्या जुन्या टीव्हीला. रिमोट माझ्याकडे. मी जे लावते तेच त्या बघतात, आणि शिव्या घालतात.

२. हे सुरू झालं वाटीमुळे. हौसाबाईंनी वाटीभर वालाचं बिरडं पाठवलं. वाटी रिकामी परत करायची नाही, ही आपली रीत. घरात तेव्हा साखरही नव्हती. म्हणून वाटीत वायरचं टोक ठेवलं आणि खिडकीतून पोचवलं.

३. आनंदा म्हणाला, "आजी, सिग्नल वाटला की कमी होतो." होतो ना. बातम्या देणारी बाई माझ्याकडे कंबरेपर्यंतच येते, खालची हौसाबाईंकडे जाते. आमची तक्रार नाही.

४. आता मुख्य. हौसाबाई खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकरवर. मी अठ्ठ्याहत्तरची, एकटी. जाहिराती लागल्या की त्या लाटण्याने भिंतीवर दोन ठोके देतात, मी दोन देते. म्हणजे, आहे बरं का. किल्ल्या एकमेकींकडे. गेल्या बुधवारी दुपारी जाहिराती लागल्या. साबण झाला, चहा झाला, सिमेंट झालं. भिंत गप्प. मी किल्ली घेऊन धावले. हौसाबाई बाथरूममध्ये आडव्या, नळ चालू, पाणी उंबऱ्याला लागलेलं. कामवाली थेट दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. साहेब, तुम्हीच हिशेब करा.

५. दुसरा बॉक्स घ्या म्हणाल. मग दोन रिमोट, दोन चॅनल, जाहिराती वेगवेगळ्या वेळी. कोणी कधी ठोकायचं? तेव्हा ही वायर तोडू नये.

भिंतीला कान लावून बसलेली,
उत्तरा श्रीधर मराठे
सुमंगल सोसायटी, नौपाडा, ठाणे
शनिवार, दि. १४ जून २०२५

सोबत: १) नोटीस. २) आनंदाच्या हाती वाटीभर बिरडं. वाटी परत पाठवावी, रिकामी नको.

ता.क. वर शपथ घेऊन बसलेय, म्हणून एक गोष्ट दुरुस्त करते. बुधवारी पडल्या त्या हौसाबाई नाहीत. पडले मी. ठोका माझा आला नाही, म्हणून त्या वॉकर टेकत, माझी किल्ली दातात धरून आल्या. तेवढं उलटं लिहिलं, कारण कनेक्शन माझ्या मुलाच्या, केदारच्या नावावर आहे. त्याला कळलं तर तो मला माजिवड्याला बाराव्या मजल्यावर नेऊन ठेवेल. तिथे माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे लिफ्ट आहे. उत्तर त्याला पाठवू नका, मला द्या.