वहिनींचा शालू लॉनभर का फिरला

आदरणीय रुपरावदादा,

सप्रेम जय भीम. तुमचा गुडघा आता बरा असेल, वहिनींचं बीपी जागेवर आलं असेल आणि भूमिका सासरी रुळली असेल, असं धरून चालते. आम्ही मायलेक हुडकेश्वरला ठीक आहोत. तुम्हाला वाडीला फोनही करता आला असता, पण तुमचा फोन वहिनी स्पीकरवर टाकतात आणि आपलं बोलणं तुमच्या गल्लीतले ट्रक ड्रायव्हरसुद्धा ऐकतात (मागे त्यातल्या एकाने माझ्या मूळव्याधीवर औषध सांगितलं. लागू पडलं, ते वेगळं). म्हणून पत्र.

भूमिकाच्या लग्नात तुम्ही मला म्हणालात, "जया, पोट्टा बिघडला वं तुझा." तेव्हा पाहुणे होते. आता सांगते. संघपालला बायकांच्या खोलीत तुम्हीच नेऊन ठेवलंत, तेही प्रेमानं. तिथे कूलर होता, उंबरठा नव्हता, त्याची बॅटरीची व्हीलचेअर सरळ आत गेली, आणि बायामाणसं लक्ष ठेवतील असं तुम्हाला वाटलं. त्यांनी ठेवलंही. गालगुच्चे घेतले, पेढा भरवला, आणि मग रिसेप्शनसाठी सगळ्याजणी साड्या बदलायला लागल्या. दादा, तो एकोणीस वर्षांचा आहे. त्याने डोळे मिटले आणि "मले बाहेर न्या" म्हणायला घेतलं. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याचं एक वाक्य पूर्ण होईपर्यंत चहा निवतो, हे तुम्हाला ठाऊक आहे; पण साडी नेसणारी बाई कुणाच्या वाक्यासाठी थांबते? वहिनी म्हणाल्या, "राहू दे नं वं, त्याले काय समजते, लेकरू आहे ते." हे ऐकल्यावर लेकराने खुर्चीची दांडी पुढे दाबली आणि डोळे मिटूनच दाराबाहेर निघाला. वहिनींनी नेसायला काढलेला नवा शालू चाकात अडकला आणि त्याच्यामागून लॉनवरून थेट स्टेजपर्यंत गेला. (फोटोग्राफरला वाटलं आपल्यात तशी रीत असेल. त्याने चार फोटो काढले.)

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखं त्याच्या आंघोळीचं पाणी काढलं. तो म्हणाला, "तू नको." दोनच शब्द, म्हणून लवकर आले. नागपूरचा मे महिना आणि चार दिवस आंघोळ नाही! मी रागावले, रडले, भेंडी जाळली. शेवटी त्याच्या फिजिओथेरपीच्या नंदिनी मॅडमकडे गेले. त्यांनी माझं सगळं ऐकून एवढंच विचारलं, "अंगाला हात लावण्याआधी तुम्ही त्याला विचारता का?" मी म्हटलं, विचारायचं काय, माझा मुलगा आहे. त्या म्हणाल्या, शरीर त्याचं आहे. हातपाय ऐकत नाहीत म्हणून वय थांबत नाही. त्यालाही कुणी आवडेल, त्यालाही प्रश्न पडतात, त्यालाही दार लावून बसावंसं वाटतं. आणि ज्याला आपण जन्मभर बाळ म्हणून कुणाच्याही हाती देतो, त्याच्याशी उद्या कुणी वाईट वागलं तर 'नाही' म्हणायची त्याला सवयच नसते.

मी सातवी शिकलेली. पुढचं सगळं संघपालचे बाबा रद्दीतून आणत त्या पुस्तकांतून शिकले. तेव्हा संकट आलं की पुस्तक, ही माझी सवय. धरमपेठेत जाऊन वाढत्या वयाच्या मुलांवरचं एक आणलं, त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि संघपालला समोर बसवून धडा वाचावा तसं वाचायला घेतलं. (अवयवांची नावं आली की लाजेनं माझा आवाज आपोआप चढायचा.) दुसऱ्या पानावर शेजारच्या रुखमाबाई साखरेची वाटी घेऊन आल्या आणि साखर विसरून खाली बसल्या. "वाच वं पुढं. माही चार लेकरं झाली, पन मले हे कोनंच सांगतलं नाही." संघपाल इतका हसला की खुर्चीत वाकडा झाला. रुखमाबाई गेल्यावर म्हणाला, "आई, हे मले आठवीतच समजलं. मले दुसरं विचाराचं आहे. पण तुले नाही."

ज्यांना विचारायचं ते सात वर्षांपूर्वी गेले. हे म्हणायचे, मिसरूड फुटू दे, मग बोलतो पोट्ट्याशी. मिसरूड फुटलं, दाढीही आली. ती मीच करते, आणि त्याची हनुवटी धरली की यांचीच हनुवटी हाताला लागते. मला ते काम सोडवत नव्हतं ते त्यासाठी, त्याच्या सोयीसाठी नाही. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता मी विचारून हात लावते. पाठ तेवढी मी धुते, बाकी तो स्टुलावर बसून हँडशॉवरने जमेल तसं करतो. बाथरूम तळं होतं, होऊ दे. त्याच्या खोलीत टकटक करून जायचं ठरलं आहे. पण खुर्ची जावी म्हणून यांनी दार काढून पडदा लावला होता, आणि पडद्यावर टकटक कशी करतात ते पुस्तकात नाही. मी तोंडाने "टकटक" म्हणते. तो आतून "कोण?" विचारतो. घरात दोघंच आहोत, तरी विचारतो.

वहिनींना नमस्कार. शालू ड्रायक्लीनिंगला दिला आहे, चिखल निघेल म्हणतात.

तुमची बहीण,
जया

ता. क. – खरं सांगायचं तर पत्र शालूसाठी नाही. दादा, दर रविवारी याल का? त्याला आंघोळीला, दाढीला पुरुषमाणूस हवं आहे, आणि त्याचे जे प्रश्न आहेत ते मामाला विचारायचे आहेत. हसू नका, भाषण देऊ नका, वाक्य संपेपर्यंत थांबा. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा, त्याला चालेल.

ता. क. २ – हे पत्र आत्ता संघपालने वाचलं. म्हणाला, "माह्याबद्दल लिहिलं, तं मले विचारलं काय?" दादा, नव्हतं विचारलं. त्याने दोन ओळी खोडायला लावल्या (कुठल्या ते शोधू नका, मी पत्र पुन्हा उतरवून काढलं आहे) आणि बाकीचं जाऊ दे म्हणाला. अट एकच: तुम्ही याल तेव्हा मी दोन तास घरी असायचं नाही. एकोणीस वर्षांत काम नसताना मी दोन तास बाहेर गेलेली नाही. अशा वेळी बाया कुठे जाऊन बसतात, तेवढं वहिनींना विचारून कळवा.